ससा खाणे थांबवतो तेव्हा उद्याची वाट पाहू नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून गावी आलेल्या नातवंडांच्या हट्टापायी आठवडा बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी घरात येते, जूनमध्ये शाळा सुरू होताना मुले परत जातात आणि ससे आजी-आजोबांकडे पडवीत राहतात, असे आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत घडते. घरची माणसे त्यांना मायेने सांभाळतात, यात शंका नाही. तरीही मृगाचा पाऊस सुरू झाला की यांतले अनेक ससे दगावतात, आणि काय झाले होते असे विचारल्यावर जवळजवळ प्रत्येक घरी एकच उत्तर मिळते : दोन दिवस काही खात नव्हता, आज बरा होईल, उद्या बरा होईल म्हणून वाट पाहिली, आणि सकाळी बघतो तर गेलेला. मी पशुसंवर्धन विभागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम केले आहे आणि निवृत्तीनंतरही आजूबाजूच्या वाड्यांतली माणसे जनावरांविषयी विचारायला माझ्याकडे येतात. वाट पाहण्यात गेलेल्या त्या दोन दिवसांविषयी मला आपल्या वाचकांशी बोलायचे आहे.

गाय रवंथ करेनाशी झाली तर आपल्याकडे गोठ्यात लगेच धावपळ सुरू होते. सशाबद्दल मात्र आपण कुत्र्या-मांजराचा हिशोब लावतो. कुत्र्याने एखादा दिवस तोंड फिरवले तर तो बहुधा आपोआप सावरतो, म्हणून सशालाही 'एक दिवस लंघन होऊ दे' असे म्हटले जाते. सशाच्या शरीराला हे लंघन अजिबात मानवत नाही. मोठ्या सशाने दहा-बारा तास काहीही खाल्ले नाही आणि त्याच्या पिंजऱ्यात नव्या लेंड्या पडल्या नाहीत, तर ती तातडीची अवस्था समजावी. रात्री लक्षात आले तर सकाळची आणि रविवारी लक्षात आले तर सोमवारची वाट पाहू नये.

असे का, हे समजून घेतले तर पुढचे सारे उपाय आपोआप पटतात. सशाचे पोट कधी पूर्ण रिकामे राहत नाही, त्यात सतत काही ना काही चालू असते. चघळलेल्या गवतातला जाडाभरडा तंतू मोठ्या आतड्यातून झपाट्याने पुढे सरकतो आणि कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, तर बारीक कण आणि द्रव मागे ढकलले जाऊन उंडुक नावाच्या मोठ्या पिशवीत जमा होतात. तिथे असंख्य उपयुक्त जंतू ते आंबवतात आणि त्यातून तयार झालेले मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखे गोळे ससा बहुधा रात्री किंवा पहाटे थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे पाहून काही जण त्याला घाणेरडा म्हणतात. प्रत्यक्षात त्यातूनच त्याला प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे मिळतात. हे सगळे यंत्र जाड तंतूच्या बळावर चालते. तंतू आत येणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, आतल्या अन्नातले पाणी शोषले जाऊन ते घट्ट होते, उंडुकातल्या जंतूंचा तोल बिघडून वायू धरतो, पोट दुखू लागते आणि पोट दुखते म्हणून ससा आणखी खात नाही. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेले वर काढून टाकण्याची सोयही त्याला निसर्गाने दिलेली नाही. उपाशी शरीर मग स्वतःची चरबी वापरू लागते, ती यकृतात साचते आणि लठ्ठ सशांमध्ये तर यातूनच यकृत निकामी होऊ शकते. पूर्वी सशाच्या पोटातल्या केसांच्या गोळ्याला दोष देत असत आणि त्यावर अननसाचा रस पाजत. अंग चाटताना केस पोटात जाणे हे सशाच्या बाबतीत रोजचेच आहे. हालचाल मंदावली आणि पाणी कमी पडले की ते घट्ट बसतात, म्हणजे गोळा हा बहुतेक वेळा परिणाम असतो, मूळ कारण दुसरेच असते.

ससा दुखणे लपवतो, ही दुसरी अडचण. ज्या प्राण्याला सगळेच खायला टपलेले असतात, तो आपला अशक्तपणा उघड करत नाही, म्हणून ओरडणे किंवा विव्हळणे यांची वाट पाहू नये. अंग आकसून कोपऱ्यात बसणे, डोळे अर्धवट मिटणे, दात करकर वाजवणे, पोट जमिनीला दाबून आडवे होणे आणि पुन्हा उठणे, आवडती कोथिंबीर नाकाशी धरली तरी मान वळवणे, ही त्याच्या वेदनेची भाषा आहे. लेंड्यांकडे रोज सकाळी झाडताना एकदा नीट पाहण्याची सवय लावावी. लेंड्या लहान होऊ लागल्या, वेड्यावाकड्या झाल्या किंवा केसात ओवल्यासारख्या एकमेकींना जोडून पडू लागल्या, तर ससा खाणे पूर्ण बंद करण्याआधीच आपल्याला इशारा मिळालेला असतो. कानाला हात लावून पाहावा. निरोगी सशाच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. ते ३८ च्या खाली उतरले, कान थंडगार लागले आणि ससा निपचित पडला, तर जीव धोक्यात आहे असे समजावे.

अशा वेळी घरी काय करावे, हे आता जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे दवाखान्यापर्यंत पोहोचायलाच अर्धा दिवस जातो. वेळणेश्वर किंवा हेदवीसारख्या किनाऱ्यावरच्या गावातून चिपळूण गाठायचे म्हटले तरी घाट आणि एसटीचे वेळापत्रक सांभाळावे लागते, आणि पावसाळ्यात झाड पडून रस्ता बंद झाला की तेही राहून जाते.

सर्वांत आधी पोटाला हलक्या हाताने स्पर्श करावा. पोट ढोलासारखे ताणलेले आणि कडक लागत असेल, ससा अचानक, म्हणजे दोन-चार तासांत, एकदम ढासळला असेल, तर आतड्यात अडथळा असण्याची शक्यता आहे. अशा सशाला तोंडाने काहीही भरवू नये आणि पोट जोराने चोळू नये, कारण भरलेल्या पोटात आणखी भर घातल्यास ते फुटण्याचा धोका असतो. त्याला थेट डॉक्टरांकडेच न्यावे. या ठिकाणी डॉक्टरांसाठी एक उपयुक्त गोष्ट नमूद करतो. माणसाच्या मधुमेहासाठी वापरतात त्या साध्या ग्लुकोमीटरवरही सशाच्या कानाच्या शिरेतून घेतलेल्या थेंबाची साखर पाहता येते. ती ३६० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर गेलेली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. ज्या तालुका दवाखान्यात क्ष-किरण यंत्र नाही, तिथे या एका आकड्याने निर्णयाला मदत होऊ शकते.

पोट मऊ आहे, ससा सुस्त आहे पण शुद्धीवर आहे, अशी स्थिती असेल तर दवाखान्यात जाण्याची तयारी करता करता पुढील गोष्टी कराव्यात. अंग थंड लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवावी आणि ससा हवे तेव्हा तिच्यापासून दूर सरकू शकेल एवढी जागा सोडावी. पाणी पाजावे. पिंजऱ्याला टांगलेल्या नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या वाडग्यातून ससे अधिक पाणी पितात, आणि ओली कोथिंबीर पुढे ठेवली तर तिच्याबरोबर थोडे पाणी पोटात जाते. तो स्वतः खात नसेल तर भरवावे लागते. आजारी सशांसाठी तयार केलेली तंतुमय भुकटी शहरातल्या दुकानांत किंवा मागवून मिळते आणि ज्यांच्याकडे ससे आहेत त्यांनी एक पाकीट घरात ठेवावे. नसेल तर सशांचे रोजचे गोळी खाद्य बारीक कुटून कोमट पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत भिजवावे आणि पातळ पेजेइतके करून सुई काढलेल्या सिरिंजमध्ये घ्यावे.

भरवताना ससा पाठीवर उताणा करू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून त्याला पायांवर बसलेल्या स्थितीत ठेवावे, सिरिंजचे टोक पटाशीच्या दातांच्या मागे, तोंडाच्या बाजूने आत सरकवावे आणि एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर देऊन तो चावून गिळेपर्यंत थांबावे. घाईने दाबल्यास खाद्य श्वासनलिकेत जाते आणि पोटाच्या आजाराऐवजी फुप्फुसाच्या आजाराने ससा जातो. वजनाच्या किलोमागे एका वेळी साधारण १० मिलिलिटर आणि दिवसातून चार-पाच वेळा, एवढे पुरते. यामुळे आजार बरा होतो असे नव्हे, पण आतडे पूर्ण थांबत नाही आणि डॉक्टरांच्या औषधाला काम करायला अवधी मिळतो. खरा उपचार म्हणजे वेदनाशमन, शिरेतून किंवा त्वचेखालून द्रव, आवश्यक तर आतड्याला चालना देणारे औषध, आणि मूळ कारणाचा शोध. हे पशुवैद्यकाचेच काम आहे.

आता जे करू नये ते अधिक आग्रहाने सांगतो, कारण माझ्या पाहण्यात उपाशी सशांपैकी काही आजाराने गेले नसून औषधाने गेले. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलीन किंवा अँपिसिलीनच्या गोळीचा तुकडा सशाला तोंडावाटे कधीही देऊ नये. माणसाला आणि कुत्र्याला चालणारी ही प्रतिजैविके सशाच्या उंडुकातले उपयुक्त जंतू मारतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू वाढतात आणि दोन-तीन दिवसांत जीवघेणा जुलाब सुरू होतो. क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन यांचेही तसेच. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिलचे फवारे आणि थेंब सशाला विषारी आहेत, हे त्या बाटल्या विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला हवे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. एरंडेल, तूप, दूध, साखरपाणी यांनी पोट सुटत नाही. उलट साखर आणि पिष्ट उंडुकात जाऊन वायू वाढवतात. या सगळ्यामागचा जिव्हाळा मला मान्य आहे आणि तो पाहूनच हे लिहितो आहे.

ससा खाणे का थांबवतो, याची कारणे आपल्या किनारपट्टीवर थोडी वेगळ्या क्रमाने येतात. सर्वांत मोठे कारण आहार. घरात जे शिजते ते सशाला देण्याची आपली पद्धत आहे. तांदळाची भाकरी, भात, बिस्कीट, केळे, आंब्याची कोय चाटायला देणे, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गाजर. चित्रात ससा गाजर खाताना दिसतो म्हणून मुले त्याला रोज गाजरेच देतात, पण गाजर गोड असते आणि ते आठवड्यातून एखाद्या चकतीपुरतेच असावे. सशाच्या खाण्यात निदान चार पंचमांश भाग वाळलेले किंवा ताजे गवत असायला हवे, गोळी खाद्य वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, आणि उरलेले पाले. यात गवताचे आणखी एक काम आहे. सशाचे सर्वच्या सर्व २८ दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि पटाशीचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटरने. गवत आडवे-उभे चघळण्यानेच ते झिजतात. मऊ भाताने झिजत नाहीत. मग दाढांना टोके येतात, ती जिभेत आणि गालात रुततात, लाळ गळून हनुवटी ओली राहते आणि भूक असूनही ससा खाऊ शकत नाही. असा ससा वाडग्यापाशी येतो, खाद्य उचलतो आणि टाकून देतो. हे दिसले की दाढा तपासून घ्याव्यात. बाहेरून फक्त पटाशीचे दात दिसतात, दाढांतला दोष घरी कळत नाही.

आपल्याकडे गवताची टंचाई नाही. भातकापणीनंतर सड्यांवर आणि डोंगरउतारावर वाळलेले गवत मुबलक असते आणि दूर्वा तर अंगणात उगवतात. भाताचा पेंढा चघळायला चालतो, पण तो निकृष्ट असल्याने त्याच्यावरच भिस्त ठेवू नये. पावसाळ्याच्या चार महिन्यांना पुरेल एवढे गवत दिवाळीनंतर कडक उन्हात वाळवून, जमिनीपासून उंच, मांगरात हवेशीर ठेवावे, कारण पावसाळ्यात ओल धरलेल्या गवतावर आणि गोळी खाद्यावर बुरशी येते आणि बुरशीच्या विषाला ससा फार लवकर बळी पडतो. कुबट वास आला की ते फेकून द्यावे, गुरांपुढेही टाकू नये. मृगानंतर उगवणारे कोवळे, पाणीदार गवत एकदम भरपूर घालणे हेही जूनमधल्या मरतुकीचे एक कारण आहे. कोणताही नवा पाला आठ-दहा दिवसांत थोडाथोडा वाढवत न्यावा. गवत कापताना घाणेरी आणि कण्हेर यांची पाने त्यात येऊ देऊ नयेत. कोंबड्यांचे खाद्य स्वस्त पडते म्हणून ते सशाला देणारे काही जण मला भेटले आहेत, त्यांनी ते आजच थांबवावे.

दुसरे कारण उष्मा. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या कोरड्या जमिनीतल्या बिळांत राहणारे. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. हवा ३० अंशांच्या वर आणि दमट असली की तो खाणे कमी करतो, आणि पत्र्याच्या पडवीत एप्रिल-मेच्या दुपारी तर उष्माघातानेच जाऊ शकतो. शेणाने सारवलेली किंवा कोब्याची थंड जमीन, ओल्या कापडात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली आणि वारा खेळणारी जागा एवढ्याने बराच फरक पडतो. पावसाळ्यात उलट त्रास होतो. पिंजरा ओला राहिला की शेपटीखालचे केस माखतात, माश्या बसतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. खाणे सोडलेल्या सशाची शेपटीखालची जागा पाहिल्याशिवाय त्याला कुणी 'पोटाचा आजार' म्हणू नये. आणि भीती हेही कारण आहेच. शिमग्याचे ढोल, गणपतीतले फटाके, पिंजऱ्याभोवती हुंगणारा कुत्रा, दिवसभर हाताळणारी पाहुण्यांची मुले, यांतल्या कशानेही सशाचे आतडे मंदावू शकते. सणाच्या दिवसांत त्याला घराच्या शांत खोलीत, पाठीमागे लपायला खोके देऊन ठेवावे.

दवाखान्यात नेताना पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून, खाली गोणपाट आणि वर मूठभर गवत घालून न्यावे. जोडीतला दुसरा ससा सोबत नेला तर आजारी सशाची भीती कमी होते. निघण्यापूर्वी फोन करावा, आणि शेवटचे खाणे केव्हा, शेवटची लेंडी केव्हा, रोजचा आहार काय आणि घरी काय औषध दिले, या चार गोष्टी लिहून न्याव्यात. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वाढलेल्या दाढांची टोके घासून काढण्यापूर्वी 'रात्रीपासून उपाशी ठेवा' असे कुणी सांगितले तर सशाच्या बाबतीत ते पुन्हा एकदा नम्रपणे विचारून घ्यावे, कारण सशाला भूल देण्यापूर्वीही लांबचा उपवास करवत नाहीत.

इथे मला शासनाकडे आणि आपल्या वृत्तपत्राकडे काही मागायचे आहे. रत्नागिरीतले नऊ आणि सिंधुदुर्गातले आठ तालुके मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे आहे, तिथले पशुधन विकास अधिकारी कष्टाने काम करतात, आणि त्यांचा दिवस गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांतच संपतो. सशाचा अनुभव त्यांना क्वचितच मिळतो, हा त्यांचा दोष नाही. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाला १८८६ पासूनची परंपरा आहे. तेथील तज्ज्ञांनी ससे आणि अशा लहान पाळीव प्राण्यांच्या तातडीच्या उपचारांवर कोकणातल्या अधिकाऱ्यांसाठी एक-दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत, ही विनंती मी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. प्रत्येक तालुका दवाखान्यात सशाच्या वजनाला योग्य अशा सिरिंज, तंतुमय भुकटीची पाकिटे आणि सशाला चालणाऱ्या वेदनाशामकाची मात्रा लिहिलेला तक्ता असावा. यास फार खर्च नाही. १९६२ हा शासनाचा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक गुराढोरांसाठी लोकांना ठाऊक आहे. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सशावर उपचार होतात, ही माहितीही त्या क्रमांकावर मिळावी.

विक्रीबाबतही बोलले पाहिजे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीचे २०१८ चे केंद्रीय नियम नोंदणी बंधनकारक करतात, परंतु बाजाराच्या दिवशी टोपलीत आईपासून अवेळी तोडलेली पिल्ले विकणाऱ्यांना त्याबद्दल कुणी विचारत नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू नव्या घरी नव्या खाण्यावर गेले की पहिल्याच पंधरवड्यात त्याचे पोट बिघडते. ग्रामपंचायती आणि नगरपंचायतींनी बाजारकर घेताना एवढे तरी पाहावे, आणि विकत घेणाऱ्यानेही पिल्लाचे वय व त्याचे चालू खाणे विचारून त्याच खाद्याचे आठ दिवसांचे माप सोबत मागून घ्यावे.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर, सशांवर उपचार करणाऱ्या शासकीय आणि खासगी पशुवैद्यकांची तालुकावार यादी, दवाखान्याच्या वेळा आणि रविवारी उपलब्ध असणाऱ्यांचा वेगळा उल्लेख यांसह प्रसिद्ध व्हावी, अशी माझी विनंती आहे. माझ्या तालुक्यापुरती माहिती त्या त्या डॉक्टरांची परवानगी घेऊन गोळा करण्याचे काम मी आनंदाने करीन. इतर तालुक्यांतल्या ससेपालकांनीही आपापली माहिती संपादकीय विभागाकडे पाठवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी